वीतभर वर घेतलेलं इंजिन

मिस्त्रीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. एका भिंतीला लेथ, दुसऱ्या भिंतीला दाते पाडायचं मशीन आणि मधे माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल एवढी वाट. पाण्याचे पंप, पिठाच्या गिरण्या, लिफ्ट, कशाचंही चाक झिजलं की लोक त्याच्याकडे यायचे. थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे दाजी, त्याची ओळख करून देताना नेहमी म्हणायचे, "आमचा मेहुणा. दात नाही पाडत, दाते पाडतो." दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी सगळ्यात मोठ्याने हसणार दाजीच.

दाजी गाडी शिकवायचे. वीस-बावीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून काढलेली. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपल्या पायाखाली एक जादा ब्रेक, हे त्यांचं आयुष्य. पन्नाशी जवळ आल्यावर त्यांच्या डोक्यात जायरोप्लेनचं खूळ शिरलं. डोक्यावर लांब पाती असतात, ती मोकळी, वाऱ्यानेच फिरतात आणि यंत्राला तोलून धरतात. इंजिन त्या पात्यांना हातही लावत नाही. ते पाठीमागचा पंखा फिरवतं आणि यंत्राला पुढे ढकलतं. पुढे एक उघडी खुर्ची, तिच्यात माणूस. दाजींनी एका म्हाताऱ्या हौशी माणसाकडून असं एक जुनं यंत्र उचललं, रीतसर उडवायला शिकले, परवाना काढला. बहिणीने आधी अबोला धरला आणि मग स्वतःच्या शिलाईच्या दुकानात बसून खुर्चीला जाड कापडाचं कव्हर शिवून दिलं. "मरायचंच असेल तर निदान नीट बसून मर," म्हणाली. तिचं बोलणं असंच, फटकळ. कुणी मनावर घेत नसे.

यंत्र उडायचं, पण रडतखडत. बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या माळावर दाजी सराव करत. माळाच्या टोकाला निलगिरीची रांग होती. दाजी अंगाने भरलेले. उन्हाच्या दिवसांत ती झाडं ओलांडताना त्यांचे पाय फांद्यांना लागतील असं वाटायचं. 

"इंजिनात दम नाही," दाजी म्हणाले.

"इंजिनात दम आहे दाजी. तो पंख्यापर्यंत पोचत नाही."

दोघांनी आधी पात्यांचा कल बदलून पाहिला. मागच्या पंख्याची पाती बुडाशी सैल करून थोडी फिरवता येत. यंत्राचं शेपूट भट्टीच्या खांबाला बांधायचं, मधे वजनकाटा अडकवायचा आणि पूर्ण वेगाने इंजिन चालवून ओढ किती पडते ते पाहायचं. पाती चपटी ठेवली की इंजिन उधळायचं, नुसता कंठशोष आणि काट्यावर काही नाही. तिरकी केली की पंखा हवेचे मोठे घास घ्यायला जायचा आणि इंजिन घुसमटायचं. मधे एक जागा होती, पण तिथेही काटा जिथल्या तिथे.

मिस्त्रीच्या लक्षात आलं की दुखणं गिअरमध्ये आहे. इंजिनाचे दोन फेरे झाले की पंख्याचा एक, असे ते गिअर होते. पंखा आखूड आणि त्याचा वेग भयंकर. असा पंखा थोडीशी हवा जोरात फेकतो. जमिनीवरून जड माणूस उचलायचा तर भरपूर हवा सावकाश ढकलायला हवी. साडेतीन फेऱ्यांना एक असे गिअर बसवले तर पंखा सावकाश फिरेल, मग तो चांगला लांब घेता येईल.

"करून टाक," दाजी म्हणाले.

मिस्त्रीने घाई केली नाही. दाते पाडण्यात त्याचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता, तरी हे गिअर त्याने घरी केले नाहीत. पोलाद तापवून त्याला नेमकं पाणी द्यायची भट्टी आपल्याकडे नाही हे त्याला माहीत होतं. इंजिनाच्याच कंपनीची जोडी मागवली. लांब पंख्याची पाती आली ती त्याने एकेक करून तोलली. अडचण एकच होती. पंख्याच्या खालून यंत्राचा मुख्य दांडा मागे शेपटाकडे जात होता आणि लांब पाती त्याला घासणार होती. त्यावर उपाय सरळ होता. त्याने इंजिनाची बैठक वीतभर उंच केली. वेल्डिंग असं केलं की बघत राहावं.

काट्यावरची ओढ जवळजवळ दीडपट झाली. पहिल्याच उड्डाणात यंत्र निलगिरीच्या कितीतरी वरून गेलं. आवाजही खाली आला, किंकाळीच्या जागी घरघर. बहीण त्या दिवशी माळावर आली होती. "हे मागून एवढं उंच का दिसतंय?" तिने विचारलं. "बाळसं धरलंय," दाजी म्हणाले आणि मेहुण्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

तो सगळा हंगाम सुखात गेला. दाजी उतरले की पोरासारखे बोलत सुटायचे. बहिणीने वर बघायचं नाही हा आपला नेम मोडला आणि ती दुकानाच्या दारात उभी राहून, तोंडात टाचण्या धरून, वरून जाणारी घरघर शोधायची.

मग तो वाऱ्याचा दिवस आला. वारा फार नव्हता, पण भट्टीच्या शेडवरून लाटेसारखा येत होता. दाजी पूर्ण वेगात, सरळ, माळाच्या मधोमध चालले होते. मिस्त्री खाली पाना पुसत उभा होता. यंत्र आधी थोडं उचललं गेलं. दाजींनी नाक खाली दाबलं असावं, कुणीही दाबलं असतं. आणि मग मागून कुणी लाथ घालावी तसं यंत्राचं नाक खाली गेलं. ते तिथे थांबलं नाही. यंत्र पुढच्या पुढे उलटं झालं. एक आवाज झाला, लगेच दुसरा. वरचं पातं शेपटाला लागल्याचे ते आवाज होते. यंत्र दगडासारखं खाली आलं. मिस्त्री धावला, पण धावून करण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.

चौकशीला सरकारकडून एक बाई आल्या. मध्यम वयाच्या, शांत, बुटांना चिखल लागला तरी फिकीर नसलेल्या. त्यांनी मोडतोड मोजली, जुने फोटो मागून घेतले, दुकानात स्टुलावर बसून मिस्त्रीचं सगळं ऐकून घेतलं. तो गिअरबद्दल बोलला, पात्यांच्या कलाबद्दल बोलला.

"गिअर चांगले निवडलेत," बाई म्हणाल्या. "पात्यांचा कलही बरोबर होता. पण पंखा वर गेला आणि माणूस खालीच राहिला."

त्याला कळलं नाही. बाईंनी टेबलावरचा चहाचा रिकामा डबा उभा केला आणि एक बोट त्याच्या वरच्या कडेला लावून ढकललं. डबा पुढे आडवा झाला.

"यंत्राचं वजन जिथे एकवटतं, त्याच्या वरून पंखा ढकलायला लागला की तो नाक खाली लोटत राहतो. डोक्यावरची पाती भार पेलत असतात तोवर ती यंत्राला सावरतात. वाऱ्याच्या लाटेनंतर नाक दाबलं आणि क्षणभर पातीच हलकी झाली, तर सावरायला काही उरत नाही."

"मग काय करायला हवं होतं?"

"खुर्चीही वर घ्यायची. किंवा मधले गिअर घेऊन पंखा जरा आखूड ठेवायचा. शेपटाला चांगली मोठी आडवी पट्टी लावायची, पंख्याच्या झोतात."

"एवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा नव्हता, पण त्यांनी शब्द मऊही केला नाही.

मिस्त्री तिथून थेट बहिणीच्या दुकानात गेला. ती कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती. त्याने उभ्याउभ्या सगळं सांगितलं.

"म्हणजे खुर्ची उचलली असती तर ते वाचले असते?"

"बहुतेक."

"बहुतेक नको. हो की नाही?"

"हो, ताई."

तिने उरलेली शिवण उसवली, धागे वेचून मुठीत घेतले. "तुला कुठे माहीत होतं," ती म्हणाली. "चहा घेऊन जा." त्याने चहा घेतला. दोघंही एकमेकांकडे न बघता प्याले.

त्यानंतर ती त्याच्याशी वाईट वागली असं कुणी म्हणणार नाही. घरी येणं-जाणं होतं. त्याच्या बायकोशी पूर्वीसारखं बोलायची. फक्त त्याच्या दुकानाचा उंबरा तिने ओलांडला नाही.

वर्ष उलटून गेल्यावर एक जनावरांचा डॉक्टर दुकानात आला. पलीकडच्या माळावर उडणारा, दाजींना ओळखणारा. त्याच्याकडे तसंच यंत्र होतं आणि तो लांब पाती आधीच घेऊन बसला होता. दाजींचं यंत्र झाडांवरून कसं सरसर जायचं ते त्याने पाहिलं होतं. ते पडलं ते वाऱ्यामुळे, अशी त्याची समजूत होती.

"तेवढं इंजिन वर घेऊन द्या," तो म्हणाला. "घाईचं काही नाही. नाहीतर माझ्या गावातला वेल्डर म्हणतोय मी करतो."

मिस्त्रीने त्याला दाराबाहेर काढायचं ठरवलं होतं. तोंडही उघडलं होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर तो वेल्डर आला, पट्टी लावून वीतभर मोजणारा. "ठेवून जा," तो म्हणाला. "पण मी सांगेन तसं होईल."

त्याने यंत्र दुकानासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये छताच्या साखळीला टांगलं, डॉक्टरला खुर्चीत बसवून, आधी एका ठिकाणाहून आणि मग दुसऱ्या ठिकाणाहून. दोन्ही वेळा ओळंबा सोडून खूण केली. दोन रेघा जिथे छेदल्या तिथे वजन एकवटलेलं. लांब पाती परत पाठवायला लावली. मधले गिअर घेतले, जरा आखूड पंखा, खुर्ची वर, शेपटाला मोठी आडवी पट्टी.

यंत्र असं टांगलेलं असतानाच एका दुपारी बहीण शेडच्या कडेला येऊन उभी राहिली. कुणीतरी तिला सांगितलं असावं.

"परत?" ती म्हणाली.

"ताई, हे नीट होतंय. मी नाही केलं तर दुसरा कुणी नुसतं इंजिन उचलून देईल. हा माणूस मरेल."

"मरू दे ना. त्याची बायको तिच्या घरी रडेल. पण माझ्या भावाच्या हातून आता हे नको."

"बाईंनी सांगितलं ते मला आता माहीत आहे. माहीत असून गप्प बसू?"

"हो," ती म्हणाली. "माझ्यासाठी गप्प बस. एवढंच मागतेय."

 साखळी हलू नये म्हणून त्याने एक हात यंत्रावर ठेवला होता, तो त्याने काढला नाही. तिने तो हात पाहिला आणि ती निघून गेली.

यंत्र तयार झालं. खांबाला बांधून त्याने पात्यांचा कल थोडा थोडा बदलत नेला, जमिनीवर इंजिन पूर्ण वेगाच्या किंचित खाली राहील असा, कारण हवेत गेल्यावर ते थोडं मोकळं होतं. चढायला ते दाजींच्या यंत्राएवढं चपळ नव्हतं. डॉक्टर जरा खट्टू झाला. पण तो उडतो आहे, वाऱ्यातही उडतो. अधूनमधून येऊन आभार मानतो, आणि मिस्त्री त्याला लवकर वाटेला लावतो.

बहिणीने दुकान बाजाराच्या पलीकडे हलवलं. भावाकडे येणं बंद झालं. मिस्त्रीची बायको मात्र कपडे घेऊन तिच्याकडे जाते. परवा गेली होती. ताईने तिचं माप घेतलं, पोरांच्या शाळेची चौकशी केली, तिच्या आईच्या गुडघ्यांची केली, अगदी शेजारच्या म्हाताऱ्याचीही केली.

"कशी आहे?" मिस्त्रीने विचारलं.

"बरी आहे. चष्मा लागलाय. सुईत दोरा ओवायला मलाच सांगितलं."

"आणखी काही म्हणाली?"

बायको ब्लाउजची घडी मोडून पुन्हा घालत राहिली. "नाही," ती म्हणाली. "जेवून घ्या."