टबातलं औषध जात होतं कुठं?

दिवाळीनंतरच्या रविवारी राहुरीत आमच्या परसात गरम पाण्यात बसायचा हॉट टब उतरला. टेम्पोतून चौघांनी तो उचलून आत आणला, तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतीवरून विचारलं, "गोबरगॅस बसवताय का?"

टब आमच्या सागरने वडिलांसाठी घेतला होता. ह्यांचा उजवा खांदा सहा महिने आखडलेला... शर्टाच्या बाहीत हात जाईना. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, रोज गरम पाण्यात बसून हात हलवा, आणि ते काही बादलीने जमण्यासारखं नव्हतं.

शुगर फॅक्टरीत उभा जन्म काढलेला माणूस. बायकोने शर्टाची बटणं लावायची याची एवढी लाज, की ह्यांनी चौकातल्या मित्रांकडे जाणंच बंद केलं. मला ते फार लागायचं.

आता प्रश्न आला पाण्याचा. टबातलं पाणी काही रोज बदलत नाहीत, त्यात जंतू मारायचं औषध घालावं लागतं. सागर म्हणाला ब्रोमीन, गरम पाण्यात तेच टिकतं. सूनबाईने मिठापासून औषध तयार करणारं मशीन सुचवलं. मी म्हणाले क्लोरीन... आणि माझ्या मते विषय तिथेच संपला.

का नाही संपणार? तीस वर्षं आरोग्य सेविका होते मी. तालुक्यातल्या किती विहिरींत टीसीएल, म्हणजे क्लोरीनचीच पावडर टाकली, त्याची गणती नाही. पाण्याच्या औषधाबद्दल मला घरातल्यांनी शिकवायचं म्हणजे अतीच झालं!

ह्यांनी मात्र नाक मुरडलं. "तीस वर्षं तुझ्या पदराला ह्योच वास हुता. आता टबात बी त्योच?" पण बसले.

चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी पाणी गढूळ, वर फेस, आणि वास असा की डोळे चुरचुरले. ह्यांच्या पाठीवर पुरळ उठलं. "लई औषध झालंय," म्हणत बाहेर आले ते परत आत जायला तयारच होईनात.

मी कागदाची पट्टी पाण्यात बुडवली. औषध किती उरलंय ते तिच्या रंगावरून कळतं. पट्टी पांढरीफटक! म्हणजे औषध जास्त झालं नव्हतं, उरलंच नव्हतं. पण घरात माझं ऐकतंय कोण... पाणी बदललं, ब्रोमीन आलं. सागरचा चेहरा निवडणूक जिंकल्यासारखा.

आठवड्याभरात ब्रोमीनचीही तीच गत. सूनबाईने लगेच मशीनची चौकशी सुरू केली. हे म्हणाले, "टब इकून टाक, सागर. माझा हात हाय तसाच ऱ्हाऊ दे."

सगळे आत गेल्यावर मी एकटीच टबाजवळ बसून राहिले.

तेव्हा एक जुनी विहीर आठवली. तिच्यात सकाळी टीसीएल टाकावं आणि संध्याकाळी तपासावं तर औषध गायब. शेवटी कळलं की बायका काठावर धुणं धुतात आणि साबणाचं पाणी आत झिरपतं. तेव्हापासून नव्या पोरींना मी सांगायचे... औषध टिकत नसेल तर औषध बदलत बसू नका, पाण्यात काय पडतंय ते बघा.

मी टबाच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळट, चिकट थर लागला. हुंगून पाहिलं... तिळाचं तेल!

आणि हे तेल लावत कोण होतं? मीच! रोज टबात जायच्या आधी ह्यांना पाटावर बसवून खांदा-पाठ कोमट तेलाने रगडत होते. आधी तेल आणि मग गरम पाणी, हे अंगात इतकं मुरलेलं की त्यात काही चुकत असेल हे डोक्यातच आलं नाही. औषध बिचारं जंतू सोडून माझ्या तेलाशी आणि अंगाच्या घामाशीच झुंजत होतं, आणि डोळे चुरचुरवणारा वास त्या झुंजीचाच. तीस वर्षांची आरोग्य सेविका, आणि घरातला चोर तीच!

चहाच्या वेळी सगळ्यांसमोर कबूल केलं. सागर आणि सूनबाई हसून हसून लोळले. हे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "तेल बी तुझं, पावडर बी तुझी. मंग पुरळ मलाच का?"

टब रिकामा केला, घासला, फिल्टर धुतला. नवा नियम केला... आधी साबण लावून अंघोळ, मग टब, आणि तेल सगळ्यात शेवटी. औषध कुठलं, यावर पुन्हा वाद सुरू होणार तेवढ्यात हेच म्हणाले, "घरात आरोग्य सेविका हाय ना? तिचंच घाला."

दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवली. हवा होता नेमका तोच जांभळट रंग! आठवडा झाला, दोन झाले, पाणी नितळच्या नितळ. एक पट्टी मी भिंतीवरून काकूंनाही दाखवली. त्यांना काही कळलं नाही, पण मला दाखवायचीच होती.

या गोष्टीला दोन महिने झाले. परवा हे टबातून आले, अंग पुसून पाटावर बसले. मी तेलाची वाटी घेऊन गेले तर म्हणाले, "आन इकडं." आणि उजवा हात उचलून आधी मानेला, मग डोक्यामागून थेट पाठीपर्यंत स्वतःच तेल लावलं. मी बघतच राहिले... डोळे भरून आले, आणि या वेळी त्यात क्लोरीनचा काही दोष नव्हता.

मग माझ्याकडे न बघता वाटी पुढे केली. "मधी हात पोचत न्हाई अजून. तेवढं तू लाव."

पोचत होता. मी स्वतः पाहिलं होतं. तरी वाटी घेतली आणि लावलं तेल.

मग शर्ट घालून, सगळी बटणं स्वतः लावून, हे चौकात गेले.