चाचांचं पात्र घर

इंटरनॅशनल सिटीत आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या चाचांनी जेवढी घरं पाहिली, तेवढी जगात दुसऱ्या कुणी पाहिली नसतील. आणि तीही एकाही घराच्या उंबऱ्याला पाय न लावता. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, अठ्ठावीस वर्षं दुबईत ड्राफ्ट्समन. दुसऱ्यांच्या टॉवरांच्या रेषा ओढून डोळे थकले, की ते मोबाइलवरच्या उपग्रहाच्या नकाशातून अलगद आपल्या तालुक्यात उतरत. खेड्यातल्या घरासाठी सरकारी हमीवर कर्ज मिळतं, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि तेव्हापासून तालुक्यातलं 'पात्र' घर शोधणं हाच त्यांचा व्यायाम, विरंगुळा आणि व्यसन झालं. योजनेच्या अटी त्यांना तोंडपाठ. घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत हवं, कागद स्वच्छ हवेत, आणि कर्ज घेणाऱ्याने त्यात स्वतः राहायला हवं.

जुमेरा लेक टॉवर्सला आम्ही एकाच गाडीने कामाला जायचो. चालवणारा मी, शेजारी चाचा मोबाइलवर गावच्या खाडीच्या काठाकाठाने निघालेले. पुढे गाड्यांची रांग तुंबलेली असताना ते मध्येच म्हणत, "जरा डावीकडे घे." मी दचकून स्टिअरिंग घट्ट धरायचो. "तुला नाय रे, मी मला सांगतोय. इथे विहीर आहे." वरून दिसणाऱ्या शेंड्यावरून ते झाड आंब्याचं की फणसाचं, हे सांगत. कौलांच्या रंगावरून घरात माणसं राहतात की नुसतं कुलूप, तेही. एखादं घर मला फार आवडावं, तर चाचा खेदाने मान हलवत. "सुंदर आहे. पण सातबाऱ्यावर अकरा भावंडं. त्यातली तीन कुवेतला, आणि एक कुठे आहे ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नाय." लेकीला स्थळ आलं, तेव्हा मुलगा काय करतो, हे विचारायच्या आधी चाचांनी विचारलं, "तुमचं गाव ग्रामपंचायतीत, की नगरपंचायतीत गेलं?" लेक आतून ओरडली, "बाबा, प्लीज! आय ॲम नॉट मॅरिइंग द व्हिलेज!" लग्न झालं, लेक शारजाला गेली, आणि जावयाचं गाव अपात्र असल्याचं दुःख चाचांनी मोठ्या मनाने गिळलं.

मग ऑफिसने सांगितलं, अजून दोन-अडीच वर्षं, नंतर खलास. चाचा जागे झाले, की आणखी गाढ स्वप्नात गेले, मला नक्की सांगता येणार नाही. पण त्याच महिन्यात त्यांना घर सापडलं. खाडीच्या टोकाला एकटंच, जांभ्या दगडाचं, मागे विहीर आणि माडांची रांग. एकच मालक, कागद आरशासारखे. चाचा दिवसभर ते घर उघडून बसत. भरतीचं पाणी कुठवर येत असेल, ते बोटाने काचेवर दाखवत. आणि एका सकाळी गाडीत बसले ते गप्पच. ग्रामसेवकाचा फोन आला होता. गावाचा तेवढा तुकडा नगरपंचायतीत गेला होता. "हद्द विहिरीपर्यंत आली," एवढंच ते म्हणाले. चार दिवस त्यांनी मला कुठेच वळायला सांगितलं नाही.

त्यांची ती शांतता मला सोसेना. शनिवारी मी चाचा-चाची दोघांना गाडीत घालून अल ऐनला नेलं. तिथल्या खजुराच्या बागेत अरुंद पाटातून पाणी खेळत होतं, आणि सावली इतकी दाट, की आपण कुठल्या देशात आहोत ते विसरायला व्हावं. चाचा पाटाशी बसून म्हणाले, "घर असं हवं होतं. पाण्याचा आवाज, बाकी काही नाय."

चाची चपला काढून पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला कधी विचारलंत, मला कसलं घर हवं ते?"

चाचांनी चमकून वर पाहिलं. "सांग की."

"शेजारणीने हाक मारली तर ऐकू येईल, असं. पाण्याशी बोलून माझे दिवस जायचे नायत."

 चाचांनी खिशातून मोबाइल काढला आणि नकाशा समुद्राकडून आत, वस्तीकडे सरकवला. दोन महिन्यांत एका वाडीच्या मधोमध, भिंतीला भिंत लागलेलं लहानसं घर मिळालं. खाडी दिसत नाही, माड दोनच. पण हद्द बरोबर, मालकीण एकटी, कागद चोख. बाईच्या नावावर व्याज कमी, म्हणून कर्ज चाचींच्या नावावर मंजूर झालं. चाचांनी अख्ख्या मजल्याला खजूर वाटले. आणि खजूर वाटतानाच त्यांच्या ध्यानात आलं, की घेणाऱ्याने घरात राहायचं आहे, म्हणजे चाचींनी आत्ताच जायचं आहे. त्यांची स्वतःची दोन वर्षं इथेच उरत होती.

"मग नको घेऊया," चाचा म्हणाले.

"वा! इतकी वर्षं शोधलंत, ते नको म्हणायला?" चाची बॅग भरत म्हणाल्या. "इन्शाल्ला, दोन वर्षं जातील. भाजी शिजवून खा, रोज पार्सल नको." विमानतळावर रडले ते चाचाच.

परवा रविवारी सकाळी वर गेलो. टेबलावर मोबाइल टेकवून चाचा समोर चहा घेऊन बसले होते. व्हिडिओ कॉल चालू होता, पण पडद्यावर माणूस नव्हतं. सारवलेला ओटा, अर्धं दार, आणि दाणे टिपणारी एक कोंबडी.

"चाची कुठायत?"

"शेजारणीने हाक मारली. फोन तिथेच ठेवून गेली."

"मग बंद करा की."

"राहू दे जरा," चाचा म्हणाले. "ऊन पायरीवरनं वर चढतंय, ते बघतोय."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलो.