गाव उठलं

माझं माहेर आणि सासर एकाच गावात. खालच्या गल्लीतून वरच्या गल्लीत दिली, वऱ्हाड शंभर पावलांत पोचलं. त्यामुळे गाव सोडून राहणं काय असतं ते मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं. नातीला परभणीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहात पोरी बिघडतात असं माझ्या लेकाचं मत. म्हणून त्यानं एक खोली भाड्यानं घेतली आणि पोरीबरोबर मला पाठवलं.

"माय, तू फकस्त भाकरी कर आन् तिच्यावर ध्यान ठेव," तो म्हणाला. मला येतेस का म्हणून कोणी विचारलं नव्हतं.

खोली वरच्या मजल्यावर होती. उभा लोखंडी जिना, माझे गुडघे गेलेले. एकदा वर चढले की आठ-आठ दिवस खाली उतरत नसे. नळाला पाणी आलं की उतरायचं, तेही दहा दिवसांतून एकदा. खिडकी होती, पण तिच्यातून शेजारच्या घराची भिंत दिसायची. त्या भिंतीवर एक पाल होती, तिची मला ओळख झाली.

पहिल्याच दिवशी लेकानं घरमालकिणीसमोर पोरीला बजावलं होतं, "एक विषय जरी राहिला तर गाठोडं बांधायचं आन् गावाकडं यायचं. स्थळं आपल्यासाठी थांबत न्हाईत." पोरगी मान खाली घालून हो म्हणाली. मीही ऐकलं. तेव्हापासून आम्ही दोघी त्या एका वाक्याखाली राहत होतो.

पोरगी हुशार आहे, पण तिला नाही म्हणता येत नाही. कॉलेजातल्या कुठल्याशा शिबिरात तिला इंटरनेटवरच्या ज्ञानकोशाचा नाद लागला. हा ज्ञानकोश फुकटचा. कोणीही त्यात लिहावं, दुसऱ्या कोणीही येऊन ते खोडावं. पगार कोणालाच नाही. तिनं आपल्या जिल्ह्यातली गावं अंगावर घेतली. मानवतचा कापसाचा बाजार, चुडाव्याचं स्टेशन, असं एकेक गाव घेऊन बसायची. मी भाकरी थापायची आणि ती एका हातानं भाकरी उलथायची, दुसऱ्या हातानं मोबाइल चालवायची.

"काय करायलीस?"

"संपादन."

"म्हंजी?"

"हे बघ. एवढंच लिवलंय. 'हे परभणी जिल्ह्यातील एक गाव आहे.'"

"एवढं तर एस.टी.चा कंडक्टरबी सांगतोय."

"म्हणूनच तर लिवायलेय, आजी."

हळूहळू ते काम वाढलं. पुण्यामुंबईची न पाहिलेली माणसं तिला निरोप पाठवायची. हे पान तपासून दे, नवीन माणसांना शिकव, महिनाभर स्पर्धा आहे तिचं बघ. दुसऱ्या कॉलेजात जाऊन ती शिकवायला लागली आणि तिचे स्वतःचे तास बुडाले. तिच्या सरांनी हजेरीचा कागद दाखवला. लेक रोज संध्याकाळी फोनवर मला विचारायचा, "जाते का कॉलेजला?" मी म्हणायची, "जाते." ती जातच होती. कोणत्या कॉलेजला ते त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मी खोटं बोलत नाही, असं मी जन्मभर लोकांना ऐकवत आले. त्या खोलीत मला कळलं की न बोलताही खोटं बोलता येतं.

एक दिवस तिनं आपल्या गावाचं पान काढलं. "आजी, आपलं गाव आधी खाली नदीकाठी व्हतं ना?"

मी तिला सांगितलं. नदी दरसाल घरात यायची. माणसं कंटाळली. मग एका उन्हाळ्यात सगळं गाव उठलं आणि वर माळावर आलं. घरांच्या चौकटी, दारं, तुळया काढून बैलगाड्यांत घातल्या. मी पाचेक वर्षांची असेन. आमच्या गाडीत आमचंच दार आडवं टाकलं होतं आणि त्यावर मला बसवलं होतं. मांडीवर कोंबडी दिली होती, तिचे पाय बांधलेले. वाटभर ती माझ्या हाताला चोची मारत होती. ते मला अजून आठवतं. बाकीचं आईनं सांगितलेलं.

"कधी झालं हे?"

"निजामाच्या मागंपुढं."

आम्ही काळ असाच मोजतो. निजाम जाऊन चार पावसाळे झाले असतील तेव्हा. पोरगी घाईत होती. दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. तिनं लिहिलं, 'निजामाच्या राजवटीच्या सुमारास सारे गाव उठले.' चौकटी, दारं, कोंबडी सगळं नंतर लिहीन म्हणून ठेवलं. ते नंतर कधी आलंच नाही.

महिन्याभरानं तिनं पान उघडलं तर शहरातल्या कोण्या माणसानं भाषा सुधारली होती. आता तिथं लिहिलं होतं, 'निजामाच्या राजवटीविरुद्ध संपूर्ण गावाने उठाव केला.'

मी इतकी हसले की मला ठसका लागला. "अगं, बाजार उठतो तवा बाजार काय बंड करतो का? पंगत उठते ती काय कुणावर चालून जाती?"

पोरगी हसली नाही. तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. खाली एका लहानशा वर्तमानपत्राची बातमी होती. आपलं गाव, आपल्या गावाचा उठाव, इतिहासानं दुर्लक्ष केलेलं गाव. बातमीदारानं पानावरूनच उचललं होतं. गावातल्या पोरांनी ती बातमी मोबाइलवर सगळीकडं फिरवली होती. माझ्या लेकानंही.

तिनं पानावरचं ते वाक्य काढून टाकलं. तासाभरात कोणीतरी परत घातलं आणि तिला लिहिलं, संदर्भ असलेला मजकूर काढू नये. संदर्भ कोणता, तर तीच बातमी.

"म्हंजी त्यानं तुमचं बघून लिवलं आन् तुमी आता त्याचं बघून लिवणार."

"हो."

"मग खरं कुणी बघितलं?"

"तू."

"मला इचारा म्हणावं."

"तुझं चालत न्हाई, आजी. तू छापलेली न्हाईस."

मी चौथी शिकले. छापलेल्या माणसांपुढं मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण त्या दिवशी मला राग आला.

लेकाचा फोन आला तो आनंदानं फुटायच्या बेतात होता. गावात कार्यक्रम ठरला होता. शाळेपुढं मांडव, तालुक्याहून पाहुणे, वेशीवर कमान बांधायची घोषणा. आणि आपल्या पोरीचा सत्कार, कारण पोरांनी पानावर लिहिणाऱ्यांत तिचं नाव बघितलं होतं, म्हणजे गावाचा इतिहास तिनंच उजेडात आणला. कार्यक्रम सोमवारी होता.

पोरीनं वेळापत्रक काढलं. सोमवारी तिची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल परीक्षा होती. हजेरी आधीच कमी. सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रॅक्टिकलला आली नाहीस तर विषय राहिला समज.

"पप्पा, माझी परीक्षा हाय."

"एक दिस न्हाई गेलीस तर काय व्हतंय? समदं गाव वाट बघायलंय."

"विषय जाईल."

"तवा बघू."

तवा काय बघायचं ते तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं. एक विषय राहिला तर गाठोडं. ते वाक्य तो विसरला नव्हता, फक्त कार्यक्रमापुरतं बाजूला ठेवलं होतं. निकाल लागला की त्याला बरोबर आठवलं असतं. आणि उठाव झालाच नव्हता असं तिनं आत्ताच सांगितलं असतं तर निकालापर्यंतही तो थांबला नसता. मांडवाची वर्गणी त्यानंच गोळा केली होती.

ती सरांकडं गेली. दुसऱ्या तुकडीबरोबर परीक्षा द्यायची परवानगी मिळते का विचारून आली. मिळाली नाही. रविवारी दुपारी मी बघते तर पिशवी भरायला बसली होती. सत्काराला नेसायची साडी वर ठेवलेली, प्रॅक्टिकलची वही खाली दाबलेली.

"वही काढ त्यातून," मी म्हणाले.

"आजी, पप्पा..."

"तुझ्या पप्पाला मी जन्म दिलाय. तू तिकडं जा. सत्काराला मी जाते. शालच टाकायची हाय ना, माझ्या अंगावर टाका म्हणावं."

"तू तिथं काय बोलशील?"

"इचारलं तर खरं बोलीन."

तिनं वही काढली. तिला खरं हवंच होतं, म्हणून तर रोज त्या मोबाइलवर भांडत होती. पण ते खरं गावात, बापासमोर, माइकवर बोललं जाईल याची तिला धास्ती वाटली. मलाही वाटली. पण परीक्षा व्हायला हवी होती. तिच्याऐवजी कोणीतरी त्या मांडवात बसायलाच हवं होतं.

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं मी जिंतूरला उतरले आणि तिथून काळीपिवळी जीपनं गावात गेले. लेकानं माझ्या मागं बघितलं. "ती कुठंय?"

"परीक्षेला."

तो काही बोलणार होता, पण सरपंच पुढं आले. "मावशीच आल्या की! मावशी तर तवा व्हत्या म्हणं. डोळ्यानं बघितलेलं माणूस आणखी कुठं मिळायलंय?" मला हाताला धरून वर नेलं. मागं मोठा फलक होता. त्यावर मशाल, मूठ आवळलेला हात आणि आमच्या गावाचं नाव. मला खुर्ची दिली. शाल दिली, नारळ दिला. मग माइक दिला.

मी बोलले. जास्त नाही. नदी घरात यायची म्हणून गाव उठलं, म्हणाले. चौकटी, दारं गाड्यांत घालून आपण माळावर आलो. निजाम तवा गेलेला होता. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी लढलं नाही. आमच्या गाडीत दार होतं, त्यावर मी बसले होते. गाव उठलं म्हणजे बिऱ्हाडं उठली, एवढंच.

बायकांमधून माझ्याच वयाची एक जण म्हणाली, "खरं हाय की वो. आमची चौकट आजूक तीच हाय." तिच्या सुनेनं तिला कोपर मारलं. लेकाकडं मी बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती म्हणा.

मग तालुक्याचे पाहुणे उठले. ते हसतमुख होते. त्यांनी माइक माझ्या हातातून हळूच घेतला, पुजाऱ्यानं प्रसादाचं ताट उचलावं तसा.

"बघा!" ते म्हणाले. "आजींनी किती साध्या शब्दांत सांगितलं! घरादाराच्या चौकटी उखडून माणसं निघाली, पण झुकली नाहीत! यालाच उठाव म्हणतात!"

टाळ्या पडल्या. लय पडल्या. मी खुर्चीत बसून राहिले. नारळ मांडीवर होता. आता काय बोलणार? माइक त्यांच्याकडं होता.

लेक जीपपर्यंत सोडायला आला. टाळ्या पडल्या होत्या म्हणून त्याचं नाक वाचलं होतं, नाहीतर त्या दिवशी काय झालं असतं सांगता येत नाही.

"माय, बोललीस ते बोललीस," जीपपाशी म्हणाला. "आता पुन्ना कुठं बोलू नको. पेपरवाल्याला न्हाई, कुणाला न्हाई."

"खरं हाय ते, बाबा."

"आसंल. पोरीला शिकवायचंय ना तुला?"

एवढंच विचारलं आणि वळला. आवाज चढवला नाही. मी जीपमध्ये बसले.

खोलीवर आले तेव्हा पोरगी जिन्यातच बसलेली होती. "झालं का प्रॅक्टिकल?" "झालं. बरं गेलं." "मग बास." मला हाताला धरून तिनं वर नेलं. गावात काय झालं ते मी सांगितलं. तिनं माझी शाल घडी करून ठेवली.

दोन दिवसांनी तिनं मोबाइल पुढं केला. माझा फोटो होता, शाल पांघरलेला, तोंड उघडं. वर ठळक अक्षरांत होतं, 'उठावाच्या साक्षीदार आजींनी जागवल्या आठवणी.' खाली माझ्या तोंडी चार वाक्यं घातली होती. त्यातलं एकही माझं नव्हतं. दार नव्हतं, कोंबडी नव्हती.

"आजी," ती म्हणाली, "पानावर हे टाकलंबी कुणीतरी. तू आता संदर्भ क्रमांक दोन हायस."

"म्हंजी आता मी छापलेली."

"हो."

"मग आता हे खोटं हाय असं मी म्हणाले तर?"

"ते कुठं छापून यायला पायजे."

बातमीदाराचा नंबर गावात सगळ्यांकडं होता. एक फोन केला असता तर झालं असतं. मी केला नाही. मोबाइल रोज माझ्यासमोर पडलेला असायचा, आणि मी भाकरी थापत बसायची. तिच्या पुढच्या परीक्षा झाल्या, मग त्यांच्या पुढच्या झाल्या. तिनं आपल्या गावाच्या पानाला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्यांची गावं लिहीत राहिली, पण तास बुडवायचे बंद केले. शिकवायला बोलावणाऱ्यांना नाही म्हणायला ती त्या वर्षी शिकली. मी मात्र नको त्या वयात गप्प बसायला शिकले. वेशीवर कमान उभी राहिली. सणाला गावी गेले की मी तिच्याखालून जाते. दुसरा रस्ता नाही.

यंदा तिचं बी.एस्सी. झालं. एकही विषय राहिला नाही. तिच्या जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी हे लिहून काढलं. तिनं वाचलं, माझी ऱ्हस्व-दीर्घं नीट केली.

"आजी, हे कुठं छापून आलं तर संदर्भ म्हणून चालंल," ती म्हणाली. "फक्त गावाचं नाव घाल. नाव न्हाई तर काय उपयोग?"

तिला अजून पुढं दोन वर्षं शिकायचं आहे. संभाजीनगरला म्हणते. हो की नाही ते माझा लेक सांगणार आहे, आणि हो म्हणाला तर बरोबर मला पाठवणार आहे.

गावाचं नाव मी घातलेलं नाही.