भर सभेत बोलावलेली साक्ष

कापसाचे दिवस वाईट होते, तेव्हा उमरखेडच्या कॉलेजात विद्यापीठानं सामाजिक न्यायावर भाषण ठेवलं. मी चौथी शिकलेला, पण बसलो पहिल्या रांगेत. प्राध्यापक बाई म्हणाल्या, गावात अजून भेदभाव आहे. मी ताडकन उठलो. "आमच्या गावात नाही! माझ्या वावरात कापूस वेचणारी मागंच बसली हाय, तिलेच इचारा."

ती पदर सावरत उभी राह्यली अन् कौतुकानं बोलली, "मालक लय चांगले हायेत, बाई. पाण्याचा गडवा आम्हाले शिवू देत नाहीत, पण तहान लागली का सोता वरून ओंजळीत पाणी ओततात."

सारी सभा माझ्याकडं पाहू लागली. माझी मान वर होईना. तिले मात्र वाटलं, आपण मालकाची लाज राखली.

घरी बायकोनं भाषणाचं विचारलं, तर म्हटलं, "लय उकडत होतं तिथं."