बाबांचा गुण्या

तिसरा ठोकळाही परत आला आणि ताईचं डोकं सणकलं.

"काटकोन चुकलाय," मापं तपासणारा इन्स्पेक्टर म्हणाला. "थोडाथोडका नाही."

सगळं वर्कशॉप तिला ताईच म्हणायचं. अकरा वर्षं पॅकिंगमध्ये खोकी चिकटवली, तेव्हा कुठे तिला हे लोखंडी ठोकळे कापायचं मिलिंग मशीन मिळालं होतं. फोरमनने शेवटचा ठोकळा तिच्यासमोर आपटला. "हाही घालवलात तर उद्यापासून पुन्हा पॅकिंग."

आता करायचं तरी काय राहिलं होतं? ठोकळा आवळून धरणारा व्हाइस दहादा पुसला, त्याचा जबडा सरळ आहे ना ते पाहिलं, ठोकळ्याच्या कडा कानशीने घासल्या. तरी कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावला की फटीतून उजेड दिसायचाच! मग ठोकळ्यामागे कागदाची पट्टी घालायची, पुन्हा कापायचं, उजेड घालवायचा. एवढं करून इन्स्पेक्टरचं नाक वाकडंच. तिने मशीनला शिव्या घातल्या, मनातल्या मनात फोरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गुण्याला मात्र काही म्हटलं नाही. बाबांनी त्याच गुण्यावर मिलिंगची सारी नोकरी काढली होती, आणि अजूनही रोज सकाळी तो तेलाने पुसून, फडक्यात गुंडाळून ते तिच्या हातात द्यायचे.

शेवटी वैतागून तिने गुण्या पत्र्याच्या सरळ कडेला टेकवला, रेघ मारली, उलटा केला, तिथूनच दुसरी मारली. गुण्या खरा असता तर रेघा एकावर एक पडल्या असत्या; या वर जाता जाता फाकल्या.

"अगं बाई! हाच वाकडा?"

म्हणजे मशीन बरोबर कापत होतं, आणि कागद घालघालून चांगले ठोकळे तिनेच नासवले होते! तिने पट्टी भिरकावली, शेवटचा ठोकळा साधा सरळ कापला. पास झाला. मशीन राहिलं, पण राग काही उतरेना. घरी पोचली ती तणतणतच.

"बाबा, गुण्या पडला होता?"

"सोमवारी. पुसताना हातातून निसटला गं."

"मग सांगायचं नाही? तीन ठोकळे गेले माझे!"

"तीन?" बाबा ताडकन उठून बसले. "मशीन चालू करायच्या आधी गुण्या उलटा करून बघायचा, हे शिकवलं होतं ना? का नाही बघितलास?"

"तुमचा होता म्हणून!"

बाबांनी तिच्या पिशवीतून गुण्या काढून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्या हातात नुसता जेवणाचा डबा दिला.