दचकून दाखवणारी बाई

भुताच्या विनोदी सिनेमांत आजीने उभी हयात काढली, पण एकाही सिनेमात ती भूत झाली नाही. भूत व्हायला रंग गोरा लागायचा. भूत म्हणजे खुद्द नायिका: पांढरं पातळ, मोकळे केस, पंख्याचा वारा आणि अख्ख्या सेटवरचा उजेड तिच्याच तोंडावर. आजीच्या वाट्याला मोलकरीण. हातातला ट्रे टाकायचा, डोळे गरगरवायचे, बोबडी वळवायची आणि स्वतःच्याच पदरात पाय अडकवून धाडकन पडायचं. जोडीला एक बुटका माळी आणि एक तोतरा स्वयंपाकी. तिघांचं काम एकच, दचकणं. गोरीगोमटी माणसं भ्यायली की प्रेक्षक भितो आणि काळी, बुटकी, तोतरी भ्यायली की हसतो, असा त्या सिनेमावाल्या शहाण्यांचा ठाम समज होता.

आजी मुळातच चांगली काळी. तरी रंगभूषाकार तिला ग्लिसरिनमध्ये कालवलेली काजळी फासायचा. "अंधारात नुसते दात दिसले पाहिजेत बाई," म्हणायचा आणि स्वतःच खिदळायचा. अकलेचा कांदा!

आता त्यातलाच एक सिनेमा नव्याने निघत होता. तरणाताठा दिग्दर्शक घरी आला आणि 'सन्मान', 'सगळ्यांना स्थान' असं तोंडभरून बोलला. मोलकरणीच्या कामासाठी त्याला आजीची नात हवी होती. तीच चण, तोच रंग.

"आणि काजळी?" आजीने विचारलं.

"छे छे! काळ बदलला आजी. थोडी गडद करू फक्त, कॅमेऱ्यासाठी."

"म्हणजे आमचा रंग अजून पुरत नाही होय तुमच्या कॅमेऱ्याला?"

तो खो खो हसला. त्याला तो विनोद वाटला. नात मात्र हरखून गेली होती. इतके दिवस फोटो घेऊन दारोदार फिरली, कुठेच डाळ शिजली नव्हती. तिच्याकडे बघून आजी चाचणीला तिच्यासोबत गेली.

तिथे नातीने अशी किंकाळी फोडली की आजीच्या अंगावर सरसरून काटा आला.

दिग्दर्शकाने नाक मुरडलं. "छान आहे गं, पण ही भीती खरी वाटतेय. हसू कुठे येतंय?"

"मग चुकलं काय?" नातीने विचारलं.

"अगं, तूच अशी घाबरलीस तर नायिकेने काय करायचं?" मग तो लाडात येऊन वळला. "आजी, तुमचं ते पडणं दाखवा ना हिला."

"दाखव ना गं," नात म्हणाली. "मी लगेच शिकून घेते."

आजीला सगळं येत होतं. आधी बुबुळं, मग ओठ, मग पाय. त्या पडण्यावर शिट्ट्या वाजल्या होत्या आणि बाजारात पोरांनी तिच्यासमोर तसंच पडून दाखवलं होतं.

"येतं मला," ती म्हणाली. "पण हिला शिकवणार नाही."

"अहो, ही तर तुमची परंपरा—"

"डोंबलाची परंपरा! एका माणसाला धड घाबरूसुद्धा देत नाही, आणि निघाले सन्मान द्यायला."

काम दुसरीला गेलं. ती गोरीच, रंगवून काळी केलेली. 'सगळ्यांना स्थान' देणाऱ्या दिग्दर्शकाच्या धाडसाचं पेपरात कौतुक छापून आलं. नातीने तो पेपर आजीच्या पुढ्यात आपटला.

"तू जन्मभर पडलीस. मी एकदा पडायचं म्हटलं तर लगेच तुला मानाचा पुळका आला?"

"आला," आजी म्हणाली. "उशिराच आला."

नात आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आजीने ते ठोठावलं नाही.