अक्कांची खोटी आकृती

यशोदाअक्कांची आणि माझी खरी ओळख त्यांनी काढलेल्या आकृतीत मी तोंडघशी पडलो तेव्हा झाली. मी निपाणीहून बंगळुरात आलेला. यशवंतपूरच्या एका शाळेने महिनाभर गणित शिकवायला तात्पुरता घेतलेला. महिना संपताना मुख्याध्यापक आणि ज्येष्ठ शिक्षिका म्हणून अक्का, दोघेही मागच्या बाकावर येऊन बसले. तास जमला तर नोकरी, नाहीतर निपाणीची बस.

फळ्यावर आधीच्या तासाची अक्कांची आकृती तशीच होती. दोन समांतर रेषा, मध्ये एक बिंदू, तिथून दोन्ही रेषांना टेकलेले दोन तिरके रेषाखंड. वरच्या रेषेशी चाळीस अंशांचा कोन, खालच्या रेषेशी पस्तीसचा, बिंदूपाशी किती? कोन तर चक्क काटकोन दिसत होता. मी ऐटीत नव्वद लिहिले आणि वर्ग खो खो हसला.

"सर, मिसची आकृती कधीच खरी नसते!" पुढची एक मुलगी कन्नडमध्ये ओरडली.

माझा हात डस्टरकडे गेला. मागून अक्का म्हणाल्या, "पुसू नका सर. स्वल्प थांबा. दिसतं ते सोडा, दिलंय काय ते बघा."

नव्वदवर रेघ मारून मी बिंदूतून तिसरी समांतर रेषा काढली. व्युत्क्रम कोन वर चाळीस, खाली पस्तीस, मिळून पंच्याहत्तर.

"सरी, बरोबर. आता दुसरी वाट?"

वरचा तिरका रेषाखंड खालच्या रेषेपर्यंत वाढवला. त्रिकोण झाला, आणि त्याचा बाह्यकोन पुन्हा पंच्याहत्तरच! आपली परीक्षा चालली आहे हेच मी विसरलो. नोकरी टिकली.

कायमची खोली मिळेपर्यंत आठ दिवस मी राजाजीनगरला अक्कांकडेच जेवलो. जेवतानासुद्धा भिंतीला टेकवलेल्या शिडीचा कोन विचारायच्या. कारण न सांगता दिलेले उत्तर त्या बरोबर धरत नसत. पण चुकलो तरी वाढणे थांबत नसे, एवढी सूट होती.

या लेखासाठी अक्कांना भेटायला गेलो तेव्हा इतक्या वर्षांची उत्सुकता विचारून टाकली. त्या दिवशी मुख्याध्यापकांना काय सांगितलेत?

अक्का हसल्या. "सांगितलं, माझ्या पहिल्या तासाला हेच झालं होतं. रेषा समांतर दिसल्या, मी समांतर धरल्या. एका मुलीनं विचारलं, कशावरून? मी घाईनं फळा पुसला आणि तिला खाली बसवलं. तिनं पुन्हा कधी काही विचारलं नाही हो. तेव्हापासून आकृती मुद्दाम खोटी काढते. कुणीतरी विचारावं म्हणून."

मला वाचवले ते त्या गप्प बसलेल्या मुलीने.

यंदा अक्कांचे वय त्या कोनाएवढे झाले. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आयुष्याची रेघ अशीच पुढे वाढत जावो. अक्का, माझ्या वर्गात मागचा बाक तुमच्यासाठी रिकामा आहे. परवाच एका मुलीने मला भर तासाला विचारले, "कशावरून?" मी डस्टर खाली ठेवला.